दोन नॅनोमीटरच्या आतले अर्धवाहक: स्फटिकाचा तुकडा की ठरलेल्या सूत्राचा रेणू?

प्रश्न थोडक्यात असा आहे. द्रावणात तयार केलेल्या कॅडमियम सेलेनाइडच्या एका नमुन्याचे पहिले शोषण शिखर ४१५ नॅनोमीटरवर येते. शिखराच्या जागेवरून आकार काढण्याचे जे प्रचलित सूत्र आहे, त्यानुसार कणांचा व्यास सुमारे १.७ नॅनोमीटर निघतो. मात्र तोच व्यास, कणाच्या आकारावरून शोषणाची ऊर्जा सांगणाऱ्या ब्रूस समीकरणात घातला की उत्तर भलतेच येते. क्ष-किरण विवर्तनात दोन पसरट उंचवट्यांपलीकडे काही दिसत नाही, आणि अतिनील दिव्याखाली नमुना एका ठसठशीत रंगात चमकण्याऐवजी फिकट पांढरा दिसतो. अशा पदार्थाला नॅनोस्फटिक म्हणावे का, आणि चूक मोजमापात आहे की समीकरणात, असे विचारले आहे.

मोजमापात बहुधा काही चुकलेले नाही. तुमच्या हाती जे आले आहे ते मोठ्या स्फटिकाचे लहान केलेले रूप आहे, हे गृहीतक मात्र येथे टिकत नाही. दोन नॅनोमीटरच्या खाली गेल्यावर ‘कण किती मोठा आहे’ हा प्रश्न हळूहळू निरर्थक होत जातो आणि ‘त्यात कोणते अणू किती आहेत व ते कसे बसले आहेत’ हा प्रश्न त्याची जागा घेतो. तुमच्या चारही निरीक्षणांचे मूळ या बदलात आहे.

आधी समीकरणाचा हिशेब करून पाहू. कॅडमियम सेलेनाइडच्या मोठ्या स्फटिकात ऊर्जापट्ट्यांमधील अंतर १.७४ इलेक्ट्रॉनव्होल्ट असते आणि एक्सिटॉनची, म्हणजे इलेक्ट्रॉन आणि त्याने मागे सोडलेली धन प्रभाराची रिकामी जागा (होल) यांच्या जोडीची, बोर त्रिज्या (त्या जोडीचा नैसर्गिक विस्तार) पाच ते सहा नॅनोमीटरच्या दरम्यान येते. कण याहून लहान झाला की इलेक्ट्रॉन आणि होल यांना कोंडल्यासारखे होते आणि शोषणाची ऊर्जा वाढते. लुई ब्रूस यांनी १९८० च्या दशकात मांडलेल्या समीकरणात या वाढीचे दोन मुख्य घटक आहेत. कोंडलेपणाची गतिज ऊर्जा त्रिज्येच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात वाढते, आणि इलेक्ट्रॉन व होल यांचे परस्पर आकर्षण त्रिज्येच्या व्यस्त प्रमाणात त्यातून वजा होते. इलेक्ट्रॉनचे परिणामी वस्तुमान (स्फटिकात तो जितका जड असल्यासारखा वागतो ते) मुक्त इलेक्ट्रॉनच्या ०.१३ पट, होलचे ०.४५ पट आणि परावैद्युत स्थिरांक १० धरून त्रिज्या ०.८५ नॅनोमीटर घातली, तर पहिले पद ५.२ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास येते आणि दुसरे जेमतेम ०.३. बेरीज होते ६.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे १९० नॅनोमीटरच्या जवळचे खोल अतिनील शोषण. प्रत्यक्षात ४१५ नॅनोमीटर म्हणजे ३.० इलेक्ट्रॉनव्होल्ट. हेच समीकरण ५ नॅनोमीटर व्यासाला लावले तर उत्तर २.२ येते आणि प्रयोग २.० च्या आसपास सांगतो. तेथे फरक असला तरी दिशा आणि प्रमाण दोन्ही जागेवर राहतात. १.७ नॅनोमीटरला मात्र उत्तर दुपटीहून अधिक चुकते.

याचे कारण समीकरणाच्या पायातच आहे. त्यात कणाची भिंत अनंत उंचीची मानलेली असते. प्रत्यक्षात इलेक्ट्रॉनचे तरंगफल लिगंडांच्या, म्हणजे कणाला बाहेरून चिकटलेल्या रेणूंच्या, थरात आणि बाहेर बऱ्यापैकी पाझरते, आणि कण जितका लहान तितका हा पाझर मोठा. ऊर्जापट्टे परवलयाकार मानलेले असतात; इतक्या उंच ऊर्जेला ते तसे राहत नाहीत. सर्वांत महत्त्वाची बाब अशी की ‘परिणामी वस्तुमान’ ही कल्पनाच शेकडो एकक पेशी ओळीने मांडलेल्या आवर्ती जालकातून आलेली आहे. कॅडमियम सेलेनाइडच्या घनाकृती रचनेत एकक पेशीची बाजू ०.६१ नॅनोमीटर असते, म्हणजे तुमच्या कणाच्या व्यासात तीन पेशीही पूर्ण बसत नाहीत. आवर्तताच नसेल तर आवर्ततेतून आलेली संख्या वापरून काही साध्य होत नाही. या टोकाला ब्रूस समीकरण दुरुस्त करत बसण्यापेक्षा ते बाजूला ठेवावे आणि रेणूंसाठी वापरतात ती कक्षक-गणिते करावीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता ‘१.७ नॅनोमीटर’ या आकड्याकडे पाहू. वर्णपटावरून आकार देणारी सूत्रे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मोजलेल्या कणांवर बेतलेली वक्ररेषा असतात, आणि त्या वक्ररेषेचे खालचे टोक सर्वांत कमी भरवशाचे असते. गोलाकार गृहीत धरून मोठ्या स्फटिकाची घनता लावली तर १.७ नॅनोमीटरमध्ये सुमारे ९० अणू बसतात. व्यास १.४ धरला तर ५० आणि २.० धरला तर १५०. कॅडमियम व सेलेनियम यांच्यातील बंधाची लांबी ०.२६ नॅनोमीटर आहे. म्हणजे मोजणीत साधारण एका बंधाइतकी चूक झाली तरी अणूंची संख्या दुपटी-निमपटीने बदलते. गोळ्याच्या बाहेरच्या एका बंधाइतक्या जाडीच्या कवचात १.७ नॅनोमीटरला सुमारे दोन तृतीयांश घनफळ येते, तर ५ नॅनोमीटरला एक चतुर्थांशाहून थोडे अधिक. बहुसंख्य अणू पृष्ठभागावर असताना पृष्ठभागाला ‘दोष’ किंवा ‘किनार’ म्हणून वेगळे काढता येत नाही. पृष्ठभाग हीच तेथे रचना असते.

रचना म्हणजे नेमके काय, हे एका उदाहरणावर बारकाईने पाहिलेले बरे. कार्बॉक्सिलेट आणि प्राथमिक अमाइन या लिगंडांनी वेढलेल्या कॅडमियम सेलेनाइडच्या तीन समूहांची, म्हणजे ठरलेल्या अणुसंख्येच्या कणांची, रचना २०१४ मध्ये जोडी-वितरण विश्लेषणाने (क्ष-किरण विखुरणावरून अणूंमधील अंतरे काढण्याच्या पद्धतीने) उलगडण्यात आली. त्यांची शोषण शिखरे ३५०, ३८० आणि ४०८ नॅनोमीटरवर आहेत आणि त्यांच्या गाभ्यात अनुक्रमे ३५ कॅडमियम व २० सेलेनियम, ५६ व ३५, आणि ८४ व ५६ अणू आहेत. या संख्या योगायोगाच्या नाहीत. गोळ्यांचा त्रिकोणी पायाचा मनोरा रचला तर थरांत १, ३, ६, १०, १५, २१, २८ असे गोळे लागतात, आणि चार थरांची बेरीज २०, पाचांची ३५, सहांची ५६, सातांची ८४ होते. प्रत्येक समूहात सेलेनियमचा एक चतुष्फलक असतो आणि त्याच्याहून एका थराने मोठ्या अशा कॅडमियमच्या चतुष्फलकात तो बसलेला असतो. पुढचा समूह म्हणजे आणखी एक थर. मधले काही शक्य नाही. शिखर सावकाश न सरकता एका जागेवरून थेट दुसऱ्या जागेवर का उडी मारते, ते यावरून समजते.

यांतील सर्वांत लहान समूह घ्या. ३५ कॅडमियमपैकी चार चतुष्फलकाच्या शिरोबिंदूंवर, १८ कडांवर आणि १२ चार पृष्ठांच्या मध्यभागी असतात. पूर्णपणे आत असतो तो एकच अणू. शिरोबिंदूवरील कॅडमियमला एक सेलेनियम शेजारी मिळतो, कडेवरच्याला दोन, पृष्ठावरच्याला तीन आणि आतल्या एकमेव अणूला चार. बेरीज केली तर ४ अधिक ३६ अधिक ३६ अधिक ४, म्हणजे ८० बंध होतात, आणि २० सेलेनियमना प्रत्येकी चार बंध दिले तरी ८० च होतात. सेलेनियमची संयुजा अशी पूर्ण भागते. तुटवडा सगळा कॅडमियमच्या वाट्याला येतो. ३५ कॅडमियमना प्रत्येकी चार शेजारी हवे असतील तर १४० जागा लागतात, त्यांतील ६० रिकाम्या राहतात. त्या भरण्यासाठी समूहावर ३० कार्बॉक्सिलेट आणि ३० अमाइन असतात. ही विभागणी प्रभारातूनही तंतोतंत जुळते, कारण कॅडमियमचा प्रभार अधिक ७०, सेलेनियमचा उणे ४०, आणि उरलेले ३० कार्बॉक्सिलेट भागवतात. कार्बॉक्सिलेटचे दोन ऑक्सिजन निरनिराळ्या पद्धतींनी जोडले जाऊ शकतात, त्यामुळे बंध कोठे कसा जातो याचा तपशील एवढा सरळ नसतो, पण हिशेबाचा सांगाडा हाच. सर्वांत मोठ्या समूहातही ८४ पैकी केवळ १० कॅडमियम पूर्णपणे आत असतात. बेंझोएट आणि ब्युटिल अमाइन हे लिगंड धरले, तर त्या समूहाच्या एकूण वस्तुमानाचा चाळीस टक्क्यांहून अधिक भाग सेंद्रिय निघतो.

अशा वस्तूचा व्यास काय सांगणार? कॅडमियम ते कॅडमियम अंतर ०.४३ नॅनोमीटर धरले तर मोठ्या चतुष्फलकाची कडा २.६ नॅनोमीटर येते आणि उंची २.१. त्यात १४० अणू आहेत आणि शिखर ४०८ नॅनोमीटरवर आहे. तुमच्या ४१५ च्या नमुन्याला गोलाकार मानून आपण ९० अणू मोजले होते. दोन्ही हिशेब आपापल्या जागी बरोबर असूनही जुळत नाहीत, कारण गोल आणि चतुष्फलक यांत कोंडलेल्या इलेक्ट्रॉनला सारखी जागा मिळत नाही आणि त्याला लिगंडांच्या थरात कितपत पसरता येते हेही लिगंडांवर अवलंबून असते.

तुमच्या ४१५ या आकड्याला मात्र एक इतिहास आहे. ठराविक जागीच शिखरे दाखवणारे अतिसूक्ष्म समूह कॅडमियम सल्फाइडच्या द्रावणांत हेंगलाइन यांच्या गटाने १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात पाहिले होते आणि स्थिर समूहांच्या विशिष्ट अणुसंख्यांना ‘जादुई संख्या’ म्हणण्याची प्रथा तेथपासून या क्षेत्रात रुळली. २००४ मध्ये कासुया आणि सहकाऱ्यांनी ४१५ नॅनोमीटरवर शिखर असलेला कॅडमियम सेलेनाइडचा नमुना वस्तुमान वर्णपटमापकात पाहिला, तेव्हा ३३ आणि ३४ जोड्यांचे समूह इतरांच्या तुलनेत ठळकपणे उठून दिसले. त्यावरून बाहेर पिंजरा आणि आत लहान गाभा अशी, दोन्ही मूलद्रव्ये समसमान असलेली रचना सुचवली गेली. त्यानंतर चतुष्फलक समूहांचा पुरावा आला, ज्यात कॅडमियम नेहमीच जास्त असतो. दोन्ही चित्रे एकाच शिखराला एकाच वेळी लागू होऊ शकत नाहीत.

मी दुसऱ्या, म्हणजे चतुष्फलकांच्या, बाजूला झुकतो. लेसरने उडवलेल्या समूहावरून लिगंड आणि जादा कॅडमियम निघून जातात आणि निर्वात पोकळीत उरलेले अणू स्वतःला सोयीच्या पिंजऱ्यात पुन्हा मांडून घेतात. ३३ आणि ३४ ही त्या उघड्या अवस्थेतील स्थिर संख्या असणे अगदी शक्य आहे. द्रावणात, लिगंडांसह, तीच संख्या होती असे त्यावरून सिद्ध होत नाही. अर्थात, वेगळ्या लिगंडांसह समसमान प्रमाणाचे समूह बनूच शकत नाहीत असेही मी म्हणणार नाही. प्राथमिक अमाइनांच्या थरांमध्ये १३ जोड्यांचे समूह मिळतात, हे चांगल्या प्रकारे अभ्यासलेले आहे.

सगळे समूह चतुष्फलकच असतात असा समजही करून घेऊ नये. कॅडमियम सल्फाइडमधील ३२ कॅडमियमच्या, थायोलेट या गंधकयुक्त लिगंडांनी वेढलेल्या समूहाची रचना १९९३ मध्ये एकल-स्फटिक विवर्तनाने मिळाली आणि ती मोठ्या स्फटिकाच्या घनाकृती मांडणीशी नाते सांगणारी होती. याउलट इंडियम फॉस्फाइडचा ३७ इंडियम व २० फॉस्फरस असलेला, ५१ कार्बॉक्सिलेटांनी वेढलेला समूह २०१६ मध्ये अशाच पद्धतीने उलगडला, तेव्हा त्याचा गाभा घनाकृती जालकाचा तुकडा नसल्याचे दिसले. त्याची सममिती कमी आहे आणि मोठ्या स्फटिकात न आढळणाऱ्या वळणांनी तो जोडलेला आहे. कॅडमियम सल्फाइडमध्येही ३७ व २० अणूंचे दोन समघटक असल्याचे २०१९ मध्ये मांडण्यात आले. एकाचे शिखर ३२४ नॅनोमीटरवर, दुसऱ्याचे ३१३ वर, आणि मिथेनॉलसारख्या अल्कोहोलच्या सान्निध्यात पहिला दुसऱ्यात बदलतो व अल्कोहोल काढल्यावर परतही फिरतो. अणू तेच, सूत्र तेच, पण मांडणी बदलताच शोषण ०.१४ इलेक्ट्रॉनव्होल्टने सरकते. मोठ्या स्फटिकाच्या बाबतीत अशा बदलाला अवस्थांतर म्हणतात. येथे तो रेणूच्या समघटकतेसारखा वागतो.

विवर्तनाबद्दल काळजीचे कारण नाही. कणाची लांबी १.५ ते १.७ नॅनोमीटर असेल तर कणाचा आकार आणि शिखराची रुंदी जोडणाऱ्या शेररच्या संबंधानुसार तांब्याच्या नेहमीच्या क्ष-किरणांत २५ अंशांजवळचे शिखर सुमारे पाच अंश रुंद होते. घनाकृती रचनेची ४२ आणि ५० अंशांजवळची शिखरे त्यामुळे एकमेकांत मिसळून एकच उंचवटा बनतो, आणि षट्कोनी रचनेला ओळख देणारी २४, २५ व २७ अंशांची तिकडी पहिल्या उंचवट्यात गडप होते. म्हणून इतक्या लहान नमुन्याच्या साध्या विवर्तन आलेखावरून ‘घनाकृती’ किंवा ‘षट्कोनी’ असे लिहिणे मला पटत नाही. यासाठी जोडी-वितरण विश्लेषण वापरावे, ज्यात पसरट उंचवट्यांसह संपूर्ण विखुरणाचे गणित करून अणूंमधील अंतरांची यादी मिळवता येते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात चार-पाच अणुप्रतलांपलीकडे काही दिसणार नाही, आणि शलाकेखाली कण बदलतो तो वेगळाच.

राहिला पांढरा प्रकाश. २००५ मध्ये व्हँडरबिल्ट विद्यापीठात सँड्रा रोझेंथाल यांच्या गटाने साधारण दीड नॅनोमीटरच्या, ४१४ नॅनोमीटरला शोषणाऱ्या कॅडमियम सेलेनाइडमधून जवळजवळ संपूर्ण दृश्य पट्टा व्यापणारे उत्सर्जन दाखवले. तुमचा नमुना त्याच घराण्यातला दिसतो. त्यापुढील कामात असे दिसले की कण १.७ नॅनोमीटरच्या खाली गेल्यावर शोषण निळ्याकडे सरकत राहते, पण उत्सर्जनाची निळी कडा एका जागी थबकते, आणि ती जागा पृष्ठभागावरील लिगंडावर ठरते. म्हणजे प्रकाश गाभ्यातील अवस्थांतून न येता पृष्ठभागाशी निगडित अवस्थांतून येतो. ज्यांचे बंध अपुरे आहेत असे सेलेनियम अणू होल पकडून ठेवतात, हे मोठ्या कणांतही खरे आहे. येथे होल कुठेही असला तरी पृष्ठभागापासून एक-दोन बंधांवरच असतो, त्यामुळे सुटका जवळपास नाहीच.

यात आणखी एक बाब २०१२ मध्ये पुढे आली आणि मला ती या विषयातील सर्वांत रंजक वाटते. सूक्ष्मदर्शकातील प्रतिमा आणि गतिकीची गणिते यांची सांगड घालून असे दाखवले गेले की उत्तेजित अवस्थेतील अतिसूक्ष्म कणांचे अणू स्थिर जालकात न राहता सतत जागा बदलत असतात, तर मोठ्या कणांत ही हालचाल पृष्ठभागापुरती राहते आणि गाभा स्फटिकच असतो. अणू हलतात तशी ऊर्जापातळ्यांमधील अंतरेही क्षणाक्षणाला बदलतात, आणि एकाच कणाकडून वेगवेगळ्या वेळी वेगवेगळा रंग निघू शकतो. अरुंद शोषण आणि अतिरुंद उत्सर्जन ही विसंगती त्यामुळे विसंगती उरत नाही. सर्व कण एकसारखे असू शकतात, तरीही प्रकाश पांढरा येतो. आकारांची सरमिसळ झाली म्हणून रंग पसरला, हा पहिला सुचणारा खुलासा येथे बहुधा चुकीचा ठरतो. सुरुवातीला या पांढऱ्या उत्सर्जनाची क्वांटम कार्यक्षमता (शोषलेल्या प्रकाशकणांपैकी किती पुन्हा बाहेर पडतात ते प्रमाण) दोन-तीन टक्केच होती. फॉर्मिक आम्लाच्या प्रक्रियेने ती पुढे ४५ टक्क्यांपर्यंत नेता आली. गाभा तोच ठेवून केवळ पृष्ठभाग बदलल्याने एवढा फरक पडला, हे ध्यानात घ्यावे.

आता तुमच्या नमुन्याचे काय करावे ते सांगतो. अभिक्रिया चालू असताना ठराविक अंतराने थोडे थोडे द्रावण काढून वर्णपट घ्या. शिखर ४१५ वरच उगवून उंच होत गेले आणि त्याच्या डावीकडचे जुने शिखर खाली बसत गेले, तर तुमच्याकडे ठरलेल्या सूत्राचा समूह आहे. शिखर ३९० वरून ४०० आणि तेथून ४१५ असे सरकत आले, तर ते सामान्य वाढणारे कण आहेत आणि आकाराची सरासरी सांगणे योग्य ठरेल. हा एकच प्रयोग बाकीच्या महागड्या मोजमापांपेक्षा अधिक सांगून जातो, आणि तो बहुतेक वेळा केलेला नसतो.

शुद्धीकरणात मिथेनॉल शक्यतो टाळा. ते कॅडमियम कार्बॉक्सिलेट पृष्ठभागावरून ओढून काढते, सेलेनियम उघडे पाडते आणि, सल्फाइडच्या उदाहरणात पाहिल्याप्रमाणे, रचनाही बदलू शकते. मिथाइल ॲसिटेट किंवा ॲसिटोनायट्राइल तुलनेने सौम्य आहेत. प्रत्येक धुण्यानंतर वर्णपट पुन्हा घ्या आणि शिखराची जागा व रुंदी दोन्ही नोंदवा. त्यानंतर मूलद्रव्यांचे प्रमाण मोजा. चतुष्फलक समूहांत कॅडमियम आणि सेलेनियम यांचे प्रमाण लहानापासून मोठ्याकडे १.७५, १.६० आणि १.५० असे उतरत जाते, तर ३३-३४ जोड्यांच्या पिंजऱ्यासाठी ते १ च्या जवळ यायला हवे. द्रावणात मोकळे कॅडमियम कार्बॉक्सिलेट उरले असेल तर प्रमाण खोटेच फुगते, म्हणून त्याच नमुन्याचा प्रोटॉन एनएमआर (हायड्रोजन अणुकेंद्रांचा चुंबकीय अनुस्पंदन वर्णपट) घेऊन बांधलेल्या लिगंडाची रुंद शिखरे आणि मोकळ्या लिगंडाची अरुंद शिखरे वेगळी ओळखून घ्या. मोकळे काही उरलेले नाही याची खात्री झाल्यावर प्रमाण १.५ च्या आसपास आले, तर नोंदवहीत व्यासाच्या रकान्यात काही लिहू नका. शिखराची जागा, प्रमाण आणि लिगंड एवढे लिहिले की तो नमुना दुसऱ्या कोणालाही ओळखता येईल.